घरच्यांचा तरी विचार करायचा

"घरच्यांचा तरी विचार करायचा होता." हे वाक्य मी आयुष्यभर इतक्या सहज बोलत आलोय की ते तोंडातून कधी निघून गेलं हेही कळत नाही. मोर्चात पुढं होऊन डोकं फोडून घेणाऱ्याबद्दल, नोकरी सोडून चळवळीत गेलेल्या माजी विद्यार्थ्याबद्दल, तुरुंगात वर्षानुवर्षं पडून असलेल्या कुणा कवीबद्दल. ऐकायला किती मायाळू वाक्य! त्यात म्हातारी आई असते, बायको असते, पोरांची फी असते. मला कुणी कठोर म्हणू शकत नाही. मी तर त्या बिचाऱ्यांच्याच बाजूनं बोलतोय ना? अलीकडं मात्र मला या वाक्याचा संशय येऊ लागलाय. मी ते नेमकं कुणाच्या वतीनं बोलतो?

काही वर्षांपूर्वी पदवीचं मूळ प्रमाणपत्र एसटीत हरवलं. त्याचा दाखला घ्यायला मी जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात गेलो होतो. ऊसदराचं आंदोलन तापलेलं होतं, ट्रॅक्टरच्या चाकांतली हवा सोडणं चाललं होतं. ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर एक म्हातारा बसला होता. पांढरी टोपी, बाकाखाली नीट जोडून ठेवलेली पायताणं, शेजारी रिकामा डबा. त्यानं मला विचारलं, "किती वाजलं ओ?" मी साडेपाच सांगितले. "धारंची येळ झाली. म्हस दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई," तो म्हणाला. त्याचा मुलगा आंदोलनात होता आणि पोलिसांना सापडत नव्हता. हवालदार आतून म्हणाला, "पोरगं आलं की तू मोकळा. तुला बसवून घ्यायची आम्हाला काय हौस हाय व्हय?" आणि त्यानं आपल्यातला अर्धा चहा म्हाताऱ्याला दिला. दुष्टपणा कुठंच दिसत नव्हता. मी दाखला घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि बाहेर पडताना मनातल्या मनात म्हणालो, काय पोरगं आहे, घरच्यांचा तरी विचार करायचा.

बघा, वाक्य कुणाकडं गेलं! म्हाताऱ्याला बाकावर कुणी बसवलं होतं हे मला समोर दिसत होतं. तरी माझा राग गेला तो तिथं नसलेल्या मुलावर. ज्यानं बसवलं त्याच्याविषयी मला चहाचं कौतुक तेवढं वाटलं.

यात जास्त लागणारी गोष्ट अशी की मी राज्यशास्त्र शिकवायचो. अनुच्छेद २२ मी वर्गात घोकून घेतलेला आहे. अटक केली तर कारण सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं. डी. के. बसू खटल्यातला १९९६ चा निकालही शिकवायचो. अटकेचा पंचनामा करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची, नातेवाइकाला कळवायचं. मुलं हे सगळं उत्तरपत्रिकेत मुद्देसूद लिहायची, मी गुण द्यायचो. आणि त्या व्हरांड्यात यातला एकही मुद्दा लागू नव्हता, कारण म्हाताऱ्याला अटकच नव्हती. तो नुसता बसला होता. स्टेशन डायरीत त्याची नोंद नसणार, म्हणून २४ तासांचं घड्याळ सुरूच होणार नाही. जामीन मागायचा तर गुन्हा हवा, गुन्हा नाही. नातेवाइकाला कळवायचं, तर नातेवाईक तोच. कायद्याच्या दृष्टीनं ती संध्याकाळ घडलीच नाही. पण माझ्याकडं जो दाखला आहे त्यावर ठाण्याचं नाव, तारीख आणि वेळ छापलेली आहे. म्हणजे त्या वेळी, त्या जागी तो होता हे सांगू शकणारा एक साक्षीदार कागदोपत्री उपलब्ध होता. परिसरातला प्रतिष्ठित माणूस की काय म्हणतात, तोही. साक्षीदाराच्या डोक्यात मात्र एसटीचं वेळापत्रक होतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत मालवणची बातमी आली. भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना झाला त्या रात्री एका अल्पवयीन मुलानं देशविरोधी घोषणा दिली अशी तक्रार झाली. गुन्हा मुलावर झाला, आईवडिलांवरही झाला. मुलाचं प्रकरण बालन्याय मंडळाकडं, आईबाप अटकेत. पाठोपाठ नगरपरिषदेनं कुटुंबाचं भंगाराचं दुकान पाडलं, अनधिकृत म्हणून. इतकी वर्षं दिसलं नव्हतं ते अनधिकृतपण एका रात्रीत दिसलं. त्याआधी चार महिनेही झाले नव्हते, १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं होतं की घरातल्या एकावर आरोप आहे म्हणून घर पाडणं ही सगळ्या कुटुंबाला दिलेली शिक्षा होते. आधी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती भूषण गवई होते, आपल्या अमरावतीचे. मार्चमध्ये मालवणचं प्रकरण अवमान याचिकेच्या रूपानं त्याच न्यायालयापुढं गेलं आणि नोटीस निघाली. त्याच महिन्यात नागपुरात दंगलीतल्या एका आरोपीच्या आईच्या नावावरचं घर पाडलं गेलं. उच्च न्यायालयानं स्थगिती दिली तोवर जेसीबीचं काम झालेलं होतं.

आता ही बातमी वाचताना मी काय केलं? आधी आडनाव पाहिलं. ते कळल्यावर "असेलही म्हणाला पोरगा" असं वाटलं. मग "आईबापांनीच शिकवलं असणार" हेही वाटलं. यातलं काहीच मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. आईबापांना आत घातलं म्हणजे त्यांनी काहीतरी केलेलंच असणार, हा तर्क माझ्या डोक्यात फार वेगानं पूर्ण झाला. प्रमाणपत्राच्या दिवशी त्या म्हाताऱ्याला मी निदान निर्दोष तरी मानलं होतं, इथं तेही नाही. ऊसवाल्याच्या बापाला सहानुभूती आणि भंगारवाल्याच्या आईला संशय, एवढंच माझं राज्यशास्त्र.

मालवणच्या प्रकरणानंतर एक जुना विद्यार्थी निवेदनावर सही मागायला घरी आला. मी कागद वाचण्याआधी खाली कुणाकुणाच्या सह्या आहेत ते पाहिलं. नंतर म्हटलं, "मसुदा चांगलाय, पण दोन ठिकाणी भाषा जरा कडक आहे." माझ्या मुलाच्या पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन तेव्हा बाकी होतं. तेही मी त्याला सांगितलं, अगदी विश्वासात घेतल्यासारखं. तो म्हणाला, "असू दे, सर." चहा घेऊन गेला. बायको आतून ऐकत होती. ती म्हणाली, "पासपोर्टचं कशाला सांगितलंत? नको वाटतंय एवढं सांगायचं होतं की." मी गप्प बसलो. नको वाटतंय असं म्हणणं म्हणजे भीती माझी झाली असती. मुलाचं नाव पुढं केलं की ती काळजी होते.

याच मी क्रांतिसिंह नाना पाटलांवर किती भाषणं दिली आहेत! १९४२ नंतर भूमिगत झालेले नाना, सातारा-सांगलीकडचं प्रतिसरकार, इंग्रजांना न सापडलेला माणूस. माणूस सापडेना म्हणून सरकारनं घर धरलं. जमीन जप्त, येडेमच्छिंद्रचं राहतं घर जप्त. घरातल्या बायका रस्त्यावर. नानांच्या कन्या हौसाबाई २०२१ पर्यंत आपल्यात होत्या आणि हे सगळं त्या ठणठणीत आवाजात सांगायच्या. घराच्या लिलावाची गावात दवंडी पिटली जायची, पण बोली लावायला कुणी पुढं आलं नाही. नानांनी काय चोरी केली आहे, म्हणून त्यांचं घर आम्ही घ्यायचं, असं गाव म्हणायचं. इथं माझा आवाज दाटून यायचा, सभागृह टाळ्या वाजवायचं.

पण हौसाबाईंनी सांगितलेला पुढचा भाग मी भाषणात घाईनं उरकायचो. त्याच काळात या बायकांना कुणी कामावर घेत नव्हतं. शेतात बोलवलं तर आपल्यालाही आत टाकतील ही भीती. मग मामानं बैलगाडी दिली आणि वयात आलेली पोर गाडी हाकू लागली. गूळ, शेंगा, जोंधळा भरायचा आणि ताकारीपर्यंत, कधी कराडपर्यंत न्यायचा. लिलावात बोली न लावणारं गाव आणि रोजगार न देणारं गाव ही दोन गावं नव्हती. माणसं तीच. बोली न लावायला काही लागत नव्हतं, घरी बसलं की झालं. कामाला बोलवायला मात्र सकाळी उठून दार उघडायला लागलं असतं. मी त्यांच्यातच मोडतो हे मला आता कळतंय. मी बोली लावली नसती. आणि कामही दिलं नसतं. आणि संध्याकाळी पारावर म्हणालो असतो, नानानं घरच्यांचा तरी विचार करायचा.

हौसाबाई मात्र ओलीस म्हणून जगल्याच नाहीत. १९४३ मध्ये भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर त्या आणि एक सहकारी नवरा-बायकोचं भांडण करत राहिले. पोलीस सोडवायला बाहेर आले तेवढ्यात बाकीच्यांनी आतल्या बंदुका पळवल्या. मार खरा वाटावा म्हणून तो खराच खावा लागला. म्हणजे ज्यांचा 'विचार' करायचा म्हणून मी नानांना सुनावलं असतं, त्यांचा स्वतःचा काही विचार होता. तो मी विचारलाच नसता.

इंग्रजांना दोष देणं सोपं जातं. त्यांनी वायव्य सरहद्दीसाठी १९०१ मध्ये फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन नावाचा कायदाच केला होता. आरोपी सापडला नाही तर त्याच्या भावकीला, टोळीला धरायची मुभा. पाकिस्ताननं तो २०१८ पर्यंत चालवला. पण त्याच इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेत कलम २१२ ला एक अपवाद आहे. गुन्हेगाराला आसरा देणं गुन्हा, पण नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला दिला तर गुन्हा नाही. आजच्या न्याय संहितेतही तो कलम २४९ खाली शिल्लक आहे. घरच्या माणसानं घरच्याला दार उघडलं तर कायद्यानंही तिथं नजर वळवावी, इतपत समजूत परक्या सरकारला होती. आईचा मात्र अपवादात समावेश नाही, का कोण जाणे.

आणि आपलं स्वतःचं काय? १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा येसूबाई आणि सात वर्षांचे शाहूराजे मोगलांच्या कैदेत गेले. १७०७ मध्ये शाहूराजांना सोडलं, आईला ठेवून घेतलं. मुलगा नीट वागावा म्हणून. ती माउली परत आली १७१९ मध्ये. हे वाचताना कुठल्या मराठी माणसाचं रक्त तापत नाही? माझंही तापतं. पण मी कोल्हापूरचा आहे. कावळा नाक्यावरून जाताना ताराराणींच्या पुतळ्याकडं मान वर करून बघितल्याशिवाय माझी गाडी पुढं जात नाही. त्या ताराराणींना आणि त्यांच्या मुलाला १७१४ मध्ये पन्हाळ्यावर कैदेत टाकलं ते औरंगजेबानं नव्हे, राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणीच्या, राजसबाईंच्या पक्षानं. मुलगा त्या कैदेतच गेला. आणि पुढं १७५० मध्ये ताराराणींनी काय केलं? ज्याला स्वतः नातू म्हणून पुढं आणलं त्या रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यावर कोंडलं. पेशव्याला शह द्यायचा होता. कैदेत मुलगा गमावलेल्या बाईनं नातवाला कैदेत ठेवलं. मी वर्गात हे 'सत्तासंघर्ष' या मथळ्याखाली शिकवायचो. येसूबाईंची कैद मी 'छळ' या मथळ्याखाली शिकवायचो.

शहरात चिमासाहेब चौक आहे. तिथून रोज हजारो माणसं जातात, त्यात मीही. १८५७ मध्ये कोल्हापुरात दोनदा उठाव झाला, जुलैअखेर पलटणीचा आणि डिसेंबरात शहराचा. कर्नल जेकबनं तो मोडून काढला. छत्रपती बाबासाहेब महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय होता. खटला चालवून दोषी ठरवण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही; त्यांना उचलून कराचीला नेऊन ठेवलं. परत येणं झालं नाही, १८६९ मध्ये ते तिथंच वारले. थोरले बंधू गादीवर राहिले. या गोष्टीत मी नेहमी चिमासाहेबांच्या बाजूनं असतो, चौकही त्यांच्याच नावाचा आहे. पण खरं विचाराल तर माझी ओळख पटते ती थोरल्या भावाशी. राज्य सांभाळायचं होतं, माणसं सांभाळायची होती, जेकबसाहेब दारात उभा होता. काय करणार? मला तर राज्यसुद्धा नाही. एक फ्लॅट आणि एक पासपोर्ट.

याच संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये हजेरीची पद्धत बंद केली हेही विसरून चालणार नाही. काही जातींच्या माणसांनी चावडीवर हजेरी द्यायची, गुन्हा काय तर त्या घरात जन्मले. महाराजांना हे कळायला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला नव्हता.

बाहेरच्या जगात डोकावलं तर आपल्यापेक्षा वाईट सापडतं आणि तेवढ्यानं बरं वाटतं, हाही माझा एक आवडता मार्ग. स्टालिनच्या पोलिसांनी १९३७ मध्ये 'देशद्रोह्यांच्या बायका' असा गुन्ह्याचा प्रकारच केला. कझाकस्तानात अकमोलिन्स्कजवळ त्यांच्यासाठी खास छावणी होती, शिक्षा पाच ते आठ वर्षं. हिटलरवर बाँब ठेवणाऱ्या स्टाउफेनबर्गची गरोदर बायको १९४४ मध्ये तुरुंगात गेली, मुलांना बाड झाक्सा इथल्या बालगृहात नेऊन त्यांची आडनावं बदलली. हे वाचून मी म्हणायचो, आपल्याकडं असं नाही. मग आणीबाणी आठवायची. दक्षिण मुंबईतून स. का. पाटलांना पाडून खासदार झालेले जॉर्ज फर्नांडिस भूमिगत होते. ते सापडेनात, तेव्हा १ मे १९७६ ला बंगळूरमध्ये भाऊ लॉरेन्सला उचललं आणि जॉर्ज कुठं आहे ते सांग म्हणून इतकं मारलं की त्यांना धड उभं राहता येईना. जॉर्ज पुढच्या महिन्यात कलकत्त्यात सापडले. भावाच्या माराचा त्या सापडण्याशी संबंध नव्हता.

आणि २८ ऑगस्ट २०१८. पुणे पोलीस हैदराबादला कवी वरवरा राव यांना अटक करायला गेले तेव्हा त्यांचे जावई, प्राध्यापक के. सत्यनारायण यांच्या घराचीही झडती घेतली. सत्यनारायण यांनी त्या वेळी पत्रकारांना सांगितलं की घरात एवढी पुस्तकं कशाला, देवांचे सोडून फुले-आंबेडकरांचे फोटो का लावलेत, असं त्यांना विचारलं. आणि बायकोला विचारलं की कुंकू का लावलं नाही, दागिने का घातले नाहीत. महाराष्ट्राचे पोलीस, मराठी बोलणारे. माझ्या बैठकीच्या खोलीत फुले, शाहू, आंबेडकर एकाच चौकटीत आहेत. कोल्हापुरात ते नसलेलं घर निराळं उठून दिसतं. ती बातमी वाचल्यावर मी त्या चौकटीकडं पाहिलं आणि क्षणभर मनात आलं की ही कोल्हापुरात चालते, पुण्याला मुलाच्या फ्लॅटवर लावावी का? एवढ्यावर मी गेलो! मला कुणी काही विचारलं नव्हतं. माझ्या घराची झडती मीच घेत होतो.

इथं मला थोडं उमगल्यासारखं वाटतं. बापाला बाकावर बसवतात ते मुलगा यावा म्हणून, हे वरवरचं कारण झालं. मुलगा कित्येकदा येतच नाही, लॉरेन्सचा भाऊ आला नाही, नाना आले नाहीत. तरी हा उद्योग का टिकतो? कारण व्हरांड्यातून जाणारा दुसरा कुणी तो बाक बघतो, आपल्या घरच्यांची मनातल्या मनात हजेरी घेतो आणि घरी जाऊन निवेदनावर सही करत नाही. माझ्यासारख्यासाठी हवालदाराला काही करावंच लागत नाही. मीच माझ्या बायकोला, मुलाला त्या बाकावर नेऊन बसवतो आणि त्याला कुटुंबवत्सलता म्हणतो.

पण मग लगेच उलटा प्रश्न उभा राहतो, आणि तो मला टाळता येत नाही. चळवळीतल्या माणसानं घरच्यांचा विचार खरंच करू नये का? ज्या आईनं काही निवडलं नाही तिनं का भोगावं? हौसाबाईंना लढायचं होतं, पण एखादीला नुसतं शांतपणे दळण दळायचं असेल तर? याचं उत्तर माझ्याकडं नाही. मात्र हा प्रश्न विचारायचा हक्क कुणाचा, याबद्दल थोडंसं ठरत चाललंय. आई विचारू शकते. बायको विचारू शकते, भांडू शकते, सोडून जाऊ शकते. त्यांचा तो घरातला हिशेब आहे. मी, ज्यानं त्या आईसाठी वकील पाहिला नाही की तिच्या म्हशीची धार कोण काढतं ते विचारलं नाही, तो मी कोण तिच्या वतीनं तिच्या मुलाला जाब विचारणारा? आणि मी विचारतो तेव्हा कोंडणाऱ्याचं ओझं अलगद उचलून कोंडलेल्याच्या मुलाच्या डोक्यावर ठेवतो, हे तर आता लपत नाही.

मालवणच्या मुलानं खरंच ते शब्द उच्चारले असतील तर? तर त्याचं काय ते बालन्याय मंडळ बघेल. आईबाप काही बोलले असतील तर त्यांच्या बोलण्याचा पुरावा त्यांच्यावरच्या खटल्यात येईल. पण दुकान काय बोललं होतं? एवढी साधी विभागणी करायला मला महिने लागले, आणि माझं निम्मं आयुष्य विभागण्या शिकवण्यात गेलं.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. चार दशकांहून जास्त काळ वकिलांनी त्यासाठी लढा दिला. उद्घाटनाला सरन्यायाधीश म्हणून आले ते तेच न्यायमूर्ती गवई. सहा जिल्ह्यांचं काम इथं येतं, मालवणचा सिंधुदुर्गही त्यात. पूर्वी कुणाच्या बापाला बेकायदा बसवून ठेवलं तर हेबिअस कॉर्पससाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची. तोवर बापाला सोडूनही दिलेलं असायचं आणि याचिकेत अर्थ उरायचा नाही. आता ती अंतराची सबब गेली. एका वकील मित्राला मी विचारलं, तर तो म्हणाला, "न्यायालय जवळ आलं, पण कागद कुठंय? किती वाजता नेलं, कुणी नेलं, कुणी पाहिलं, हे लिहून द्यायला शेजारी तयार होत नाहीत." शेजारी म्हणजे कोण ते मी विचारलं नाही.

परवा मुलाशी फोनवर बोलताना निवेदनाची ती गोष्ट सांगितली, पासपोर्टसकट. तो बराच चिडला. "बाबा, माझं नाव सांगून तुम्ही नाही म्हणालात? मला विचारायचं तरी होतं." मी म्हटलं, "विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?" तो जरा थांबला. "माहीत नाही. कदाचित थांबा म्हणालो असतो. पण ते मी म्हणालो असतो ना!" मग म्हणाला, "त्या पोराचा नंबर आहे ना तुमच्याकडं?"

होता. लावला. तो म्हणाला, "निवेदन मार्चमध्येच देऊन झालं, सर. आता अशा दोन-तीन कुटुंबांचे कागद वकिलांकडं आहेत, जबाब वगैरे. मराठीचं इंग्रजी करून देणारं माणूस हवंय. नाव कुठं येत नाही." मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच की त्यालाही आश्चर्य वाटलं असावं. काम पटलं म्हणून हो म्हणालो, की नाव येत नाही म्हणून, ते मला अजून नीट सांगता येत नाही. कागद आलेत. पहिला जबाब एका आईचा आहे, चार पानी, आणि तिला किती वाजता नेलं तो रकाना कुणीतरी रिकामा सोडलाय. उद्या फोन करून तेवढं विचारून घ्यायला हवं.